विषय : घरातील संगणक मंदगतीने चालत असल्याबाबत

नत्थूजी उमाटे यांनी उभ्या आयुष्यात एकच काम असं केलं, की ज्यासाठी त्यांच्याकडे कुणी अर्ज केलेला नव्हता. ते केलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता ते स्वतःच म्हणतात. पंचायत समितीत चौतीस वर्षं काढलेल्या, त्यातली शेवटची नऊ वर्षं सेलूला 'बडे बाबू', म्हणजे मुख्य कारकून, म्हणून मिरवलेल्या माणसाला हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. अर्ज नाही तर काम नाही, हा धडा त्यांनीच कित्येक नव्या कारकुनांना दिला होता. पण निवृत्त झाल्यावर माणसाला आवरायला कुणी साहेब उरत नाही.

काम होतं घरातल्या कॉम्प्युटरचं. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीखाली तो चौदा वर्षं बसून होता. नंदिनी इंजिनियरिंगला लागली तेव्हा घेतलेला. नंदिनी शिकली, पुण्याला नोकरीला गेली, लग्न करून तिथलीच झाली आणि कॉम्प्युटर मागे राहिला. नत्थूजींनी त्याची आबाळ होऊ दिली नाही. वस्तू झाकून ठेवली की टिकते, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. घरात टीव्ही झाकलेला, मिक्सर झाकलेला, रेडिओ तर असा झाकलेला की तो कुठल्या खोलीत आहे हे आवाजावरूनच कळे. कॉम्प्युटरच्या सीपीयूसाठी त्यांनी शालूबाईंकडून, म्हणजे बायकोकडून, क्रोशाचं कव्हर विणून घेतलं होतं. पण क्रोशाला भोकं असतात आणि भोकांतून धूळ जाते. म्हणून आतून जुन्या गोधडीचं अस्तर लावून घेतलं. बटण दाबता यावं म्हणून तेवढं एक काज ठेवलं. पाहुणे आले की नत्थूजी त्यांना ते काज आवर्जून दाखवीत.

स्वतः नत्थूजी कॉम्प्युटरला हात लावत नसत. वापरायच्या त्या शालूबाई. नंदिनी गेल्यावर घर खायला उठलं तेव्हा, सात-आठ वर्षांपूर्वी, त्यांनी महिला मंडळाच्या हॉलमध्ये तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग केला होता. तेव्हापासून रोज दुपारी दोन ते तीन, भांडी आवरली की, त्या दोन बोटांनी काहीतरी टाइप करत बसायच्या. एकेक लिखाण कधी दिवसभरात संपे, कधी आठ-आठ दिवस चाले. "काय लिहून राह्यली?" असं नत्थूजींनी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. "काई नाई, असंच," असं उत्तर आलं. 'असंच' या सदरात स्वयंपाकाच्या कृती मोडत असाव्यात असं धरून नत्थूजींनी ते प्रकरण मिटवलं, आणि पुन्हा विचारलं नाही. याचाही त्यांना आता पश्चात्ताप होतो.

या मे महिन्यात एका दुपारी शालूबाई अडीच वाजताच खुर्चीवरून उठल्या.

"काऊन वो, आज लवकर झालं?"

"लवकर काय, आता बंदच," शालूबाई म्हणाल्या. "एक अक्षर दाबलं का ते उमटेपर्यंत चहा होते. अन तोवर मले काय लिहाचं होतं तेच ध्यानात राह्यत नाई. जाऊ द्या. भंगारात देऊन टाका त्याले."

यात तक्रार नव्हती, राग नव्हता, आणि तेच नत्थूजींना लागलं. अडतीस वर्षांच्या संसारात या बाईनं काही मागितल्याचं त्यांना आठवेना. आणि आपण न मागता काही दिल्याचं तर मुळीच आठवेना. साड्या नंदिनी आणायची, ते फक्त पिशवी धरायचे. तिला तासभर बसायला आवडणारी घरातली एक जागा होती, तीही आता ती सोडून देत होती. ते नत्थूजींना बघवलं नाही. हे काम आपण करायचं, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं.

वेळही जुळून आली. शालूबाईंचं माहेर सिंदी रेल्वेचं, म्हणजे रेल्वेलाइनवरच्या दुसऱ्या सिंदीचं. त्यांचे भाऊ डोमाजी यांच्या मुलाचं लग्न होतं, त्यासाठी त्या शनिवारच्या गाडीनं आठ दिवसांकरिता गेल्या. नत्थूजींनी स्टेशनवर त्यांची पिशवी डब्यात चढवून दिली, घरी आले, आणि एक नवं रजिस्टर उघडून पहिल्या पानावर लिहिलं : 'विषय : घरातील संगणक मंदगतीने चालत असल्याबाबत.' खाली दुहेरी रेघ मारली. रेघ सरळ आली तेव्हा अर्धं काम झाल्यासारखं वाटलं.

प्रथम त्यांनी वस्तुस्थिती नोंदवली. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्रं येईपर्यंत अकरा मिनिटं. चित्रं आल्यापासून ती हलेपर्यंत आणखी सात. सकाळी प्रगती बरी, दुपारी जेवणानंतर काम जवळजवळ ठप्प. हे वाचून त्यांना आपल्या जुन्या ऑफिसातल्या दोन-तीन सहकाऱ्यांची आठवण झाली आणि थोडं गहिवरूनही आलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे हरिदासजी आले. हरिदासजी जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं बैलांच्या पोटाला हात लावून दुखणं सांगितलेला माणूस. त्यांनी कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली, कव्हरच्या काजातून आत बोट घातलं आणि थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले.

"याले ताप हाये, बडे बाबू."

"मे महिना हाये, हरिदासजी. सगळ्याइलेच ताप हाये."

"मंग पोट गच्च झालं असन. जुलाब द्या."

रोग्याची पहिली परीक्षा सोळा आणे बरोबर होती, हे नत्थूजींना पुढे कळलं. पण ज्यानं आयुष्यभर बैल तपासले त्याच्या सांगण्यावरून एका बडे बाबूनं निर्णय घ्यायचा, हे त्यांच्या शिस्तीत बसेना. तरी शेजारधर्म म्हणून त्यांनी तापावर उपाय केला. खिडकीतला कूलर ओढत आणून कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवला. कूलरनं तासाभरात कव्हर ओलं चिंब केलं आणि कीबोर्डवरचं 'क' अक्षर फुगून वर येईनासं झालं. कव्हर काढून अंगणातल्या दोरीवर वाळत घालावं लागलं. आणि काय सांगावं, त्या संध्याकाळी कॉम्प्युटर ताडकन चालू झाला. नत्थूजींनी रजिस्टरमध्ये 'कूलरमुळे लक्षणीय सुधारणा' अशी नोंद केली. सकाळी कव्हर वाळलं, त्यांनी ते नीट ताणून परत घातलं, आणि कॉम्प्युटर पुन्हा मूळ पदावर आला. 'सुधारणा तात्पुरती,' असं त्यांना खाली लिहावं लागलं.

मग ते सीपीयू स्कूटरवर पायांच्या मधे ठेवून वर्ध्याला हिरालालच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. कव्हरला रस्त्याची धूळ लागू नये म्हणून ते घरीच ठेवलं. हिरालालनं तारा जोडल्या, बटण दाबलं आणि दोन मिनिटांत चित्रं आली.

"हे तं मस्त चालून राह्यलं, बडे बाबू. बिमारी काय हाये?"

"घरी चालत नाई."

"मंग घरीच काई असन."

घरी आणून जोडला, झाकला, तर अकरा मिनिटं. पुन्हा दुकानात नेला, दोन मिनिटं. पुन्हा घरी, अकरा. तिसऱ्यांदा स्कूटर दुकानासमोर थांबली तेव्हा चहावाल्यानं न विचारता कटिंग पुढे केला. मुलगी सासरी नीट नांदते, माहेरी आली की आजारी पडते, असला हा प्रकार होता, आणि त्यात माहेरच्या माणसांची अब्रू जात होती.

घरी बिघडतं याचा अर्थ घरची वीज वाईट. नत्थूजी वीज कचेरीत गेले. तिथे एकेकाळी त्यांना खुर्ची मिळत असे. आता खिडकीतल्या पोरीनं मान वर न करता सांगितलं, "काका, ऑनलाइन तक्रार टाका."

"अवं माय, कॉम्प्युटर चालत नाई हेच तं तक्रार हाये."

"मग मोबाइलवरून टाका ना."

नत्थूजींचा मोबाइल बटणांचा होता, तो त्यांनी खिशातच राहू दिला. त्यांनी घरी येऊन त्याच मंद कॉम्प्युटरवरून तक्रार टाकायला घेतली. तक्रारीचं स्वरूप निवडायचं होतं : वीज नाही, वीज कमी, वीज जास्त, खांब पडला. 'वीज आहे परंतु समाधानकारक नाही' अशी नोंद कुठेच नव्हती. ग्राहक क्रमांक लिहिता लिहिता पडद्यावर आलं की तुमची वेळ संपली आहे. तीनदा त्यांची वेळ संपली. चौतीस वर्षं लोकांना 'उद्या या' म्हणणाऱ्या माणसाला एक यंत्र घरात बसून 'वेळ संपली' म्हणतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. शेवटी त्यांनी 'खांब पडला' हे निवडलं, कारण त्याला उत्तर येईल अशी खात्री होती.

आलंच. बुधवारी भर दुपारी बाराला लाइनमन आले, न पडलेला खांब पाहिला, आणि आलोच आहोत तर तारा तपासू म्हणून अख्ख्या गल्लीची वीज तीन तास बंद केली. शेहेचाळीस डिग्रीत सगळी गल्ली ओले पंचे डोक्यावर घेऊन ओट्यावर येऊन बसली. तक्रार कोणी केली, असं कुणीतरी विचारलं. लाइनमननं कागद वाचून नाव सांगितलं. त्या दिवसापासून समोरच्या गुलाबरावांनी नत्थूजींना नमस्कार करणं बंद केलं, आणि ते आजतागायत बंद आहे.

उरला हरिदासजींचा जुलाब. आता इथे थोडं ऑफिसचं सांगणं भाग आहे. सरकारी दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' म्हणजे कायम जपायचे, मग उतरत्या क्रमानं काही वर्षं ठेवायचे, आणि 'ड' म्हणजे काम झालं की नष्ट करायचे. कच्ची टिपणं ही 'ड'. पक्की प्रत तयार झाली की कच्चं ठेवायचं नसतं, त्यानं कपाटं तुंबतात. पण 'ड' वर्गाचाही कागद फाडायचा तर आधी त्याची यादी करायची, क्रमांक, विषय, तारीख लिहायची, खाली सही करायची. नत्थूजींनी चौतीस वर्षांत यादीशिवाय एक चिठ्ठी फाडली नव्हती.

त्यामुळे कुणी असं समजू नये की त्यांनी बेफिकिरी केली. उलट त्यांनी आधी सिंदीला फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"शालू, तुह्यं ते दुपारचं लिहणं असते ना, ते ठेवलं कुठं असते?"

"कायले?"

"असंच," नत्थूजी म्हणाले. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना.

"डब्ब्यात हाये. तिथं कोनी हात लावत नाई. तुमी बी लावू नका. जेवले का?"

डब्ब्यात! नत्थूजींना बरं वाटलं. शालूबाईंचं सगळं डब्ब्यात असे. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचे अकरा डबे एकेक करून उघडले. तांदळाच्या डब्यात कपाटाची नऊ वर्षांपूर्वी हरवलेली किल्ली निघाली. हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक शंभर पानी वही होती. पहिल्याच पानावरचं 'सांबारवडी, कमलाबाईची पद्धत' हे कोथिंबीरवडीच्या कृतीचं नाव वाचून त्यांनी वही मिटली. बायकोनं जपून ठेवलेलं तिच्या माघारी चाळू नये, एवढी सभ्यता त्यांच्यात होती. लिखाणाची पक्की प्रत वहीत सुरक्षित आहे, हात लावू नये, असं लिहून त्यांनी डबा होता तिथे ठेवला.

आणि मग ते कॉम्प्युटरवरच्या कचरापेटीकडे वळले. पडद्याच्या कोपऱ्यात बादलीचं एक छोटंसं चित्र होतं, ती कचरापेटी, आणि घाण साठते ती तिथेच, असं हिरालालनं सांगितलं होतं. उघडली तर आत एकशे त्रेसष्ट नोंदी. हीच ती कच्ची टिपणं. कुठलीही नोंद उघडायला गेलं तर उघडत नव्हती, फक्त नाव आणि तारीख दाखवायची. नत्थूजींनी दोन सकाळी बसून एकशे त्रेसष्ट नावं रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवली. 'भाजीवाल्याशी भांडण.' 'बाबाची सायकल.' 'नंदिनीच्या सासूचा फोन.' 'मी शिकली असती तर.' स्वयंपाकाच्या कृतींची नावं अशी नसतात, हे त्यांना जाणवलं नाही असं नाही. सत्त्याऐंशी नंबरला त्यांची पेन्सिल जरा थबकली. तिथे लिहिलं होतं, 'यायले सांगाचं राह्यलं.' 'यायले' म्हणजे नवऱ्याला, म्हणजे आपल्यालाच. बहुधा गॅसचा नंबर लावायचं सांगायचं राहिलं असेल, असं समजून त्यांनी तारीख उतरवली आणि अठ्ठ्याऐंशीवर गेले.

कॉम्प्युटरनं विचारलं, हे सर्व कायमचं नष्ट करायचं आहे का? असल्या प्रश्नाला ऑफिसात साहेबाची सही लागे. घरातला साहेब सिंदीला लग्नात होता. नत्थूजींनी बटण दाबलं. कागद चुरगळल्यासारखा आवाज आला. त्यांनी यादीखाली 'नाश केला' असं लिहून सही ठोकली, तारीख घातली, आणि वेळ मोजली. अकरा मिनिटं. एक सेकंदही कमी नाही.

शुक्रवारी हिरालाल कंटाळून स्वतःच घरी आला. नत्थूजींनी त्याच्यासमोर काजातून बोट घालून बटण दाबलं आणि कव्हरची सुरकुती सवयीनं नीट केली. हिरालालनं कव्हरची किनार दोन बोटांत धरून पाहिली.

"बडे बाबू, याले स्वेटर कोनं घातलं?"

"स्वेटर नोहे ते. कव्हर हाये."

"वर्ध्यात? मे महिन्यात? आपन बनियनवर बसू नाई राह्यलो अन तुमी याले गोधडी पांघरून राह्यले! आतला पंखा हवा कुठून घेईन? गरम होते म्हणून जीव वाचवाले धीरे चालते ते."

त्यानं कव्हर उपसून बाजूला टाकलं, आतून ओंजळभर धूळ काढली, बटण दाबलं. दोन मिनिटं. दारातून हरिदासजींचा आवाज आला, "म्या पयल्याच दिवशी सांगतलं होतं, ताप हाये म्हणून." नत्थूजींनी त्यांच्याकडे पाहण्याचं टाळलं.

"आता आलोच हाओ तं सगळं नवं ताजं टाकून देतो," हिरालाल म्हणाला. "जुनं सगळं पुसल्या जाईन. आतलं काई ठेवाचं हाये का?"

या प्रश्नासाठीच जणू रजिस्टर जन्माला आलं होतं. नत्थूजींनी ते उघडून सहीसकट दाखवलं आणि म्हणाले, "काई नाई. सगळ्याची विल्हेवाट लागली हाये." हे वाक्य त्यांनी फार ऐटीत म्हटलं होतं. ते आता त्यांना स्वतःच्याच आवाजात कधीही, जेवताना, दाढी करताना, ऐकू येतं.

रविवारी शालूबाई आल्या. नत्थूजींनी त्यांना पाणी दिलं, चहाही स्वतः केला, आणि मग हाताला धरून खुर्चीवर बसवलं. शालूबाईंनी 'शा' दाबला, तो उमटला. 'लू' उमटला. त्या दाबत गेल्या आणि अक्षरं पावसाळ्यातल्या गवतासारखी भराभर वर येत गेली. 'क'सुद्धा हिरालालनं मोकळा करून दिला होता.

"बाप्पा! हे तं धावून राह्यलं!" शालूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "तुमी केलं? माह्यासाठी?"

नत्थूजींनी नुसती मान हलवली. इतका आनंद त्यांना प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता. तो एकंदर चार मिनिटं टिकला.

"मागचं एक अर्धं राह्यलं होतं, ते पुरं करतो आता," असं म्हणत शालूबाईंनी कोपऱ्यातल्या बादलीवर बाण नेला. मग त्या थांबल्या. पुन्हा दाबून पाहिलं.

"डब्बा रिकामा काऊन हाये?"

"कोणता डब्बा?" नत्थूजींनी विचारलं.

"हा. हा डब्बा." शालूबाई पडद्यावरच्या बादलीकडे बोट दाखवत होत्या. "वर्गात बाईनं शिकोलं होतं, याच्यात टाकलेलं हरपत नाई, पायजे तेव्हा वापस काढता येते. म्हणून सगळं इथंच ठेवत होतो मी. लिहाचं अन डब्ब्यात टाकाचं. इथं कोनी पाहत नाई."

"मी तुले फोनवर विचारलं होतं," नत्थूजी म्हणाले.

"म्या सांगतलं बी होतं."

ते खरं होतं. नत्थूजी धावत स्वयंपाकघरात गेले, डाळीच्या डब्यातली वही घेऊन आले आणि ती दोन्ही हातांनी पुढे धरली. शालूबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "हे तं सांबारवडीचं हाये."

हिरालालला फोन झाला. तो आला, दोन तास बसला आणि नवं टाकल्यावर जुनं निघत नाही म्हणून खाली मान घालून गेला. शालूबाई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. उठून त्यांनी कणीक भिजवली. दोन शब्द सुनावले असते तर नत्थूजींना जेवण गेलं असतं.

सोमवारी दुपारचे दोन वाजले. कॉम्प्युटर उघडा, झाकणाशिवाय, दोन मिनिटांत चालू व्हायला तयार बसला होता, आणि शालूबाई त्याच्याकडे पाठ करून गवार मोडत बसल्या होत्या. नत्थूजी दारात घुटमळले. मग रजिस्टर काढून त्यांच्यासमोर बसले.

"यादी हाये माह्याकडं," ते म्हणाले. "नावं हायेत सगळी. तू सांग, मी लिहतो."

शालूबाईंनी रजिस्टर मांडीवर घेतलं. आपल्याच लिखाणांची नावं नवऱ्याच्या वळणदार अक्षरात त्यांनी बोट फिरवत वाचली. एका ठिकाणी त्यांना हसू आलं. "वाचा पयलं," त्या म्हणाल्या.

"एक. भाजीवाल्याशी भांडण."

त्या सांगू लागल्या, नत्थूजी लिहू लागले. 'सदर भाजीवाल्याने दिनांक...'

"सदर कायचा? मेला भाजीवाला लिहा."

नत्थूजींनी 'सदर' खोडून 'मेला' लिहिलं. असं शासकीय रजिस्टरमध्ये त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. "जरा धीरे सांग," ते म्हणाले.

"तुमी त्याच्याहून बी स्लो हा," शालूबाई म्हणाल्या.

पण रोज दोन ते तीन ते बसू लागले. काही नावांना शालूबाई बरंच काही सांगत, काहींना दोनच ओळी. काहींना म्हणत, "आता नाई आठवत. तेव्हा बम चांगलं लिहलं होतं." त्या ओळी नत्थूजींना सगळ्यात जास्त बोचत. 'मी शिकली असती तर'ला त्यांनी आठ दिवस घेतले. आपल्या बायकोला नववीत गणितात बक्षीस मिळालं होतं, हे नत्थूजींना लग्नानंतर अडतीस वर्षांनी कळलं.

जुलैत ते सत्त्याऐंशीवर आले. "सत्त्याऐंशी," त्यांनी वाचलं. "यायले सांगाचं राह्यलं." आणि सवयीनं तारीखही वाचली, "एक जून, दोन हजार अठरा." यादी करताना हीच तारीख त्यांनी उतरवली होती. पण तेव्हा ते एकशे त्रेसष्टपर्यंत पोचायच्या घाईत होते.

एकतीस मे दोन हजार अठराला ते निवृत्त झाले होते. सेलूच्या सभागृहात निरोप समारंभ होता. त्यांचं भाषण पाऊण तास चाललं आणि ते भाषण लोक अजून काढतात. त्यात त्यांनी सत्तावीस जणांचे नावानिशी आभार मानले होते. साहेबांचे, शिपायांचे, इतकंच काय, उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरणाऱ्या श्रावणचेसुद्धा. एकही नाव सुटू नये म्हणून कागदावर यादी करून नेली होती. शालूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्या दिवसासाठी घेतलेली जांभळी साडी नेसून. लग्नापासून एकतीस वर्षं, रोज सकाळी आठच्या आत, नत्थूजींचा डब्बा भरून देणारं माणूस त्या सत्तावीसांत नव्हतं. परत येताना गाडीत त्यांनी विचारलं होतं, "भाषण कसं झालं?" आणि शालूबाई म्हणाल्या होत्या, "कोनाचंच नाव नाई सुटलं."

नत्थूजींनी पेन खाली ठेवला. शालूबाई गवार मोडत होत्या, मान वर केली नाही.

"शालू," ते म्हणाले, "त्या दिवशी भाषणात तुह्यं नाव घ्याचं राह्यलं."

शालूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. नत्थूजी वाट पाहत राहिले. या एका नोंदीसाठी ते कितीही वेळ थांबायला तयार होते.

"पुढचं वाचा," शालूबाई म्हणाल्या.

नत्थूजींनी सत्त्याऐंशीसमोरची जागा कोरी ठेवली, पान उलटलं आणि वाचलं, "अठ्ठ्याऐंशी. भोपळ्याचा वेल."